आठ पौंडांची गिटार

प्रत्येक घरात एखादी जिवापाड जपलेली वस्तू असते. कोणाकडे आजोबांचे घड्याळ असते, तर कोणाकडे आजीने शिवलेली गोधडी असते. बाजारात त्या वस्तूला फारशी किंमत येत नाही. पण कोणी कितीही पैसे देऊ केले, तरी आपण ती विकत नाही. इंग्लंडमधील प्रसिद्ध वादक ब्रायन मे यांची गिटार अशीच आहे.

ब्रायनचा जन्म १९४७ साली लंडनजवळ झाला. लहानपणापासून त्याला गिटारचा नाद होता. त्याला विजेवर वाजणारी गिटार हवी होती. या गिटारच्या तारा पोलादाच्या असतात. तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. गिटारची तार छेडली, की त्या वेटोळ्यांत विजेचा क्षीण प्रवाह निर्माण होतो. यंत्राने तो वाढवला, की मोठा आवाज ऐकू येतो. अशा उत्तम गिटारी फार महाग होत्या. ब्रायनच्या घरी तेवढे पैसे नव्हते.

ब्रायनचे वडील हॅरोल्ड मे हे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. घरातला टेलिव्हिजनदेखील त्यांनी स्वतः बनवला होता. १९६३ साली बापलेकांनी ठरवले, की गिटार घरीच बनवायची. त्या वेळी ब्रायन सोळा वर्षांचा होता.

मग घरातल्या जुन्यापान्या वस्तू गोळा झाल्या. एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड मिळाले. ते शंभर वर्षांहून जुने होते. त्यातून गिटारची मान कोरली. लाकडाला किड्यांनी छिद्रे पाडली होती. ती ब्रायनने काडेपेटीतल्या काड्यांनी बुजवली. बोटे कोठे ठेवायची, हे दाखवणाऱ्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या पेटीतली शिंपल्याची बटणे घेतली. तारांचा ताण सांभाळायला जुन्या मोटारसायकलच्या दोन स्प्रिंगा बसवल्या. सूर लहरता करणाऱ्या दांड्यासाठी सायकलला पिशवी अडकवायची सळई उपयोगी पडली. तिच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा बसवला.

हे काम सुमारे दोन वर्षे चालले. एकूण खर्च आला अवघा ८ पौंड! लालसर रंगामुळे त्या गिटारला ‘रेड स्पेशल’ हे नाव मिळाले.

१९७० साली लंडनमध्ये ‘क्वीन’ नावाचा वाद्यवृंद सुरू झाला. ब्रायन त्याचा गिटारवादक होता. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा पारशी कुटुंबातला होता. त्याचे शिक्षण काही वर्षे आपल्या महाराष्ट्रात, पाचगणीला झाले होते.

त्या काळात ब्रायन खगोलशास्त्रात संशोधन करत होता. संगीतासाठी त्याने ते अर्धवट सोडले. वडिलांना याचे फार वाईट वाटले. ज्या गिटारसाठी दोघे शेजारी बसून राबले, तिच्यामुळेच त्यांच्यात दुरावा आला. काही काळ दोघांचे बोलणेही जवळजवळ थांबले. पुढे ब्रायनने वडिलांना न्यूयॉर्कला कार्यक्रम ऐकायला बोलावले. हजारो श्रोत्यांनी भरलेल्या सभागृहात वडिलांनी ती गिटार ऐकली. तेव्हा मुलाने निवडलेली वाट त्यांना पटली.

१९८८ साली वडील वारले. गिटार मात्र ब्रायन मे यांच्या हातात राहिली. जगातली कोणतीही महागडी गिटार ते घेऊ शकत होते. तरी त्यांनी हिची साथ सोडली नाही. १९९८ साली एका कुशल कारागिराकडून त्यांनी तिची दुरुस्ती करून घेतली. पण तिचे मूळ रूप बदलू दिले नाही. २००२ साली इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षे झाली. तेव्हा बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभे राहून त्यांनी राष्ट्रगीताची धून वाजवली, ती याच गिटारवर. अर्धवट राहिलेले संशोधनही त्यांनी पूर्ण केले आणि २००७ साली, साठाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळवली.

त्या गिटारमध्ये वडिलांची मेहनत आहे आणि आईची बटणे आहेत. आठ पौंड हा तिचा खर्च होता. तिचे मोल कोण करणार?

शब्दार्थ
जिवापाड – जिवाइतके. नाद – छंद, शौक. क्षीण – कमजोर. जुन्यापान्या – जुन्या, वापरून झालेल्या. वाद्यवृंद – वादकांचा समूह. दुरावा – मनातले अंतर. मोल – किंमत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गिटारची मान कशापासून बनवली?
(आ) वडिलांना वाईट का वाटले?
२. ‘खर्च’ आणि ‘मोल’ या शब्दांतील फरक पाठाच्या आधारे सांगा.
३. तुमच्या घरातील जपून ठेवलेल्या एका वस्तूविषयी पाच वाक्ये लिहा.