मुदत संपलेली राखण

पैसे मोजून घेतलेला अँटिव्हायरस ही कायमच्या मालकीची वस्तू नव्हे; ती ठरावीक मुदतीची सेवा आहे, आणि ग्राहकाचे पुष्कळसे नुकसान या साध्या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होते. दुकानातून आणलेले कुलूप गंजेपर्यंत दाराला राहते आणि त्याची किल्ली ज्याच्या खिशात असते तोच त्याचा मालक ठरतो. अँटिव्हायरसची मालकी मात्र कंपनीकडेच राहते, ग्राहकाला मिळतो तो केवळ वापराचा परवाना, आणि हा परवाना किती संगणकांसाठी, किती दिवसांसाठी व कोणाच्या नावावर आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते. शेतीच्या भाषेत सांगायचे तर हा व्यवहार कुंपण घालण्याचा नसून हंगामापुरता राखणदार ठेवण्याचा आहे. हंगाम सरला की राखणदार निघून जातो, मचाण मात्र रानात तसेच उभे दिसते.

हा राखणदार काम कसे करतो हे समजल्याशिवाय मुदतीचे महत्त्व लक्षात येत नाही. स्वतःच्या नकला काढत एका फाइलीतून दुसरीत शिरणारा प्रोग्रॅम म्हणजे व्हायरस, आणि व्हायरससह सर्व घातक प्रोग्रॅमना मिळून मालवेअर म्हणतात. त्यांपैकी फायली कुलूपबंद करून त्या उघडण्यासाठी पैसे मागणाऱ्या प्रकाराला रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीखोर प्रोग्रॅम, असे नाव आहे. अँटिव्हायरसजवळ ज्ञात मालवेअरच्या ओळखखुणांची यादी असते, तिच्याशी तो प्रत्येक फाइल ताडून पाहतो, आणि यादीत नसलेला पण संशयास्पद वागणारा प्रोग्रॅम आढळल्यास त्यालाही अडवू पाहतो. नवे मालवेअर रोज तयार होत असल्याने ही यादी दररोज, कित्येकदा दिवसातून अनेक वेळा, इंटरनेटवरून ताजी करावी लागते. या ताजे करण्याला अपडेट म्हणतात, आणि ग्राहक वर्षाचे पैसे देतो ते प्रामुख्याने त्यासाठीच. मुदत संपल्यावर अपडेट थांबतात, आणि सॉफ्टवेअर संगणकात राहिले तरी ते जुन्याच चोरांची छायाचित्रे हातात घेऊन दारात बसलेले असते.

महाराष्ट्रात या व्यवहाराचा प्रसार होण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर व तत्सम यंत्रांच्या दुरुस्तीपासून सुरुवात केली. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील व्हायरस काढण्यासाठी प्रोग्रॅम लिहिले, त्यांतून 1990 च्या दशकाच्या मध्यावर क्विक हील उभे राहिले, आणि 2016 मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेला हा धंदा पुढेही संगणक विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या दुकानदारांच्या हातूनच तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला, आणि इतर कंपन्यांनीही तीच वाट धरली. इंग्रजीतील सूचना वाचण्याचा कंटाळा असणाऱ्या ग्राहकाला ओळखीच्या माणसाने अँटिव्हायरसचा डबा आणून बसवून देणे ही मोठी सोय होती; परंतु त्या सोयीमुळे व्यवहाराची कागदपत्रे, नोंदणी आणि मुदतीची तारीख या तिन्ही गोष्टी ग्राहकाच्या हातातून निसटून दुकानदाराच्या स्मरणशक्तीवर सोपवल्या गेल्या.

प्रस्तुत लेखकाच्या बीड जिल्ह्यात संगणकाचा वापर एकट्या माणसाचा क्वचितच असतो. आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, टायपिंग इन्स्टिट्यूट, शाळेचे कार्यालय, पतसंस्थेची शाखा अशा ठिकाणी एकाच संगणकावर दिवसभर अनेकांची कामे होतात. खरीप पीकविम्याची मुदत जवळ आली की जुलै महिन्यात सेवा केंद्रांवर सातबारा, आधार कार्ड आणि बँक पासबुकाच्या प्रती घेऊन रांगा लागतात, आणि या गर्दीत पेन ड्राइव्ह एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात फिरत राहतो. पीकविम्याची शेवटची तारीख ज्यांना तोंडपाठ असते, त्यांनाच त्याच टेबलावरील संगणकाच्या अँटिव्हायरसची तारीख विचारली तर ती सांगता येत नाही, ही विसंगती प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिली आहे आणि स्वतःही तिचे मोल दिले आहे.

त्या अनुभवाचा तपशील उपयोगी पडण्यासारखा असल्याने तो येथे नोंदवणे योग्य ठरेल. बीड शहरातील बाजारपेठेतून घेतलेला एक वर्षाचा डबा ओळखीच्या मेकॅनिकने बसवून दिला, परवान्याचा क्रमांक असलेली खरवडायची पट्टी त्यानेच खरवडली, आणि काम लवकर उरकावे म्हणून नोंदणीत मोबाइल क्रमांक व ईमेलही स्वतःचाच भरला. पावती साध्या कागदावरची होती आणि रिकामा डबा रद्दीत गेला. वर्ष संपल्यानंतर पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्ह तसेच दिसत राहिले. नूतनीकरणाच्या सूचना येत होत्या, परंतु कंपनीच्या इतर उत्पादनांच्या जाहिरातीही त्याच कोपऱ्यात उमटत असल्याने सगळ्यांवर सारखीच फुली मारली जात होती. मुदत संपून चार महिने झाले असताना झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला पेन ड्राइव्ह जोडला गेला, आणि त्यातील सर्व फोल्डरांच्या जागी बाण असलेली छोटी चिन्हे दिसू लागली.

या प्रकाराला बोलीत शॉर्टकट व्हायरस म्हणतात. पेन ड्राइव्ह जोडताच त्यातील प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याची जुनी सोय विंडोजमध्ये बंद झाल्यावर मालवेअर लिहिणाऱ्यांनी माणसाच्याच हाताने ते सुरू करून घेण्याची ही युक्ती वापरली: मूळ फोल्डर लपवून ठेवायचे, त्याच नावाचे खोटे चिन्ह पुढे करायचे, आणि वापरणाऱ्याने त्यावर क्लिक केले की फोल्डरही उघडायचे व मालवेअरही संगणकात शिरवायचे. यातील महत्त्वाची बाब अशी की मूळ फायली बहुधा नष्ट झालेल्या नसतात. अद्ययावत अँटिव्हायरसने पेन ड्राइव्ह तपासून, मग लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फायली दाखवण्याची सोय विंडोजमध्ये सुरू केल्यास त्या पुन्हा दिसतात. प्रस्तुत प्रसंगात हे ठाऊक नसल्याने घाईघाईने पेन ड्राइव्ह आणि संगणक दोन्ही फॉरमॅट करण्यात आले, आणि कित्येक वर्षांचे लेखन व हिशेब व्हायरसने नव्हे, तर उपचाराने गेले.

त्यानंतरचा भाग व्यवहाराच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. जुन्या ग्राहकाला नूतनीकरण नव्या डब्यापेक्षा स्वस्तात मिळत असे, पण त्यासाठी येणारा ओटीपी नोंदणीतील मोबाइलवर, म्हणजे एव्हाना गाव सोडून गेलेल्या मेकॅनिकच्या मोबाइलवर, जात होता. कंपनीच्या मदत केंद्राने नोंदणी बदलण्यासाठी पक्के बिल मागितले, ते नव्हते, आणि शेवटी पूर्ण किमतीला नवा डबा घ्यावा लागला. कंपनीचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण परवाना कोणाचा हे ठरवण्यासाठी तिच्यापुढे नोंदणी आणि बिल यांखेरीज दुसरा पुरावा नव्हता. म्हणून पहिला धडा असा की नोंदणी स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर व ईमेलवर, स्वतःच्या डोळ्यांदेखत करून घ्यावी. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. परवान्याच्या क्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवावे. आणि मुदत संपण्याची तारीख संगणकाच्या पेटीवरच चिकटपट्टी लावून लिहावी.

ऑनलाइन खरेदीत याच्या नेमका उलटा धोका संभवतो, तो म्हणजे मुदत संपतच नाही. कार्डाची माहिती एकदा दिली की दरवर्षी पैसे आपोआप कापून नूतनीकरण करण्याची अट अनेक कंपन्यांच्या करारात असते, आणि पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी उरत नाही. 2009 मध्ये सिमँटेक आणि मॅकॅफी या दोन बड्या कंपन्यांना, आपोआप नूतनीकरणाची बाब ग्राहकाला स्पष्टपणे न सांगितल्याच्या आरोपावरून, अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याशी तडजोड करून प्रत्येकी 3,75,000 डॉलर भरावे लागले होते. भारतात रिझर्व्ह बँकेच्या 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशी रक्कम कापण्यापूर्वी किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना देणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि त्या सूचनेतून व्यवहार नाकारता येतो. मात्र 15,000 रुपयांपर्यंतच्या वसुलीला दरवेळी ओटीपी लागत नसल्याने, मेसेज न वाचणाऱ्याला पैसे गेल्यावरच कळते. आपोआप नूतनीकरण खरेदीच्याच दिवशी बंद करून ठेवणे हा यावरचा सोपा उपाय होय.

तिसरा धोका अँटिव्हायरसचे सोंग घेऊन येतो. एखादे संकेतस्थळ पाहताना अचानक पडदा लाल होणे, भोंगा वाजणे, संगणकात शेकडो व्हायरस असल्याचा मजकूर झळकणे आणि तातडीने फोन करण्यासाठी क्रमांक दिसणे, हे खऱ्या अँटिव्हायरसचे लक्षण नाही, कारण ब्राउझरमधील पानाला संगणकाची अशी तपासणी करताच येत नाही. केंद्र सरकारने 2023 मध्ये ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या 13 युक्त्या मार्गदर्शक तत्त्वांद्वारे प्रतिबंधित केल्या, त्यांत खोट्या व्हायरसची भीती घालून तो काढण्याचे बनावट साधन विकण्याच्या युक्तीचा स्वतंत्र उल्लेख आहे. फोनवरील माणूस संगणकाचा ताबा दुरून घेता येईल असे ॲप टाकायला सांगत असेल तर तो फोन तेथेच ठेवावा, ब्राउझर बंद होत नसल्यास संगणक सरळ बंद करावा, आणि पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

राखणदार प्रामाणिक असला तरी तो चुकू शकतो, हेही ग्राहकाने गृहीत धरले पाहिजे. निर्दोष फाइलीला मालवेअर समजणे हा त्यातील नेहमीचा दोष: एप्रिल 2010 मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधील एक अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवल्याने जगभर असंख्य संगणक बंद पडले. दुसरा दोष अपडेटच बिघडलेले असण्याचा: 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे 85 लाख संगणक ठप्प होऊन भारतातील विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. विश्वासाचा भंगही घडू शकतो. 2024 मध्येच अव्हास्ट या कंपनीला ग्राहकांच्या इंटरनेट वापराची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. निर्दोष फाइलही पकडली जाऊ शकत असल्याने पकडलेली फाइल लगेच पुसू नये, तर आधी विलगीकरणात ठेवावी, म्हणजे ती बाजूला कोंडली जाते व गरज पडल्यास परत आणता येते. आणि एका संगणकात दोन अँटिव्हायरस बसवू नयेत, कारण दोघेही एकमेकांवर संशय घेतात आणि संगणक संथ होतो.

असे असता पैसे द्यावेत की नाही, या प्रश्नाचे उत्तर वापरावर ठरते. विंडोज 8 पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजमध्येच विनामूल्य येतो, आणि मुलांचा अभ्यास व घरगुती पत्रव्यवहार एवढाच वापर असणाऱ्याला तो, नियमित अपडेट सुरू ठेवल्यास, बहुधा पुरेसा ठरतो. शिवाय केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने 2017 पासून मालवेअर काढण्याची मोफत साधने उपलब्ध करून दिली आहेत. जेथे इतरांची कागदपत्रे आणि पैसे हाताळले जातात, बाहेरचे पेन ड्राइव्ह सतत लागतात आणि अडचणीच्या वेळी मराठीत बोलणारा मदतनीस हवा असतो, तेथे पैसे देणे रास्त आहे. मात्र चोरीच्या विंडोजवर विकतचा अँटिव्हायरस बसवण्यात अर्थ नाही, कारण बनावट परवाना बसवणाऱ्या प्रोग्रॅमला अँटिव्हायरस अडवतो, म्हणून मेकॅनिक आधी अँटिव्हायरसच बंद करतो, आणि उघडलेले ते दार पुढे कोणी लावत नाही. मूळ विंडोजचे अपडेट किती मोलाचे असतात हे मे 2017 मधील वॉनाक्राय या रॅन्समवेअरने दाखवले. ज्या त्रुटीतून ते पसरले तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिला होता. विंडोज 10 चे नियमित मोफत अपडेटही 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले असल्याने, ते असलेल्या संगणकावर कितीही महागडा अँटिव्हायरस असला तरी तो खचलेल्या भिंतीपुढचा पहारा ठरतो.

विकत घेतलेल्या सेवेत खरोखरच कसूर झाली असेल तर दाद मागण्याची जागा दूर नाही. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर कळवावे, आणि तेवढ्याने भागले नाही तर बीड येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, ती दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोजलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास तिला शुल्क नाही. अर्थात तेथेही पहिला प्रश्न बिलाचाच असतो.

हे सारे केल्यावरही एक गोष्ट उरते, जी कोणताही अँटिव्हायरस विकत नाही आणि जिच्याअभावी प्रस्तुत लेखकाचे लेखन कायमचे गेले: महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत. ही प्रत स्वतंत्र हार्ड डिस्कवर घ्यावी आणि घेऊन झाली की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, कारण जोडलेल्या डिस्कवरील प्रतीही रॅन्समवेअर कुलूपबंद करते. राखणदार ठेवला तरी शेतकरी पुढच्या पेरणीचे बियाणे रानात ठेवत नाही, घरात नेऊन ठेवतो. वाचकाने आज संगणक सुरू केल्यावर प्रथम अँटिव्हायरसची तारीख पाहावी, आणि तो बंद करण्यापूर्वी फायलींची एक प्रत काढून ठेवावी.