वजन वाढवलं की इंजिन जास्त डबे ओढेल?

प्रश्न : माझं एचओ मापाचं (१:८७) डिझेल इंजिन सपाटीवर डबे सहज ओढतं, पण चढावर त्याची चाकं जागीच फिरतात. आत वजन घालावं का?

उत्तर : जरूर घाला, पण बेतानं. चाकं जागीच फिरतात याचा अर्थ मोटारीत जोर शिल्लक आहे, रुळांवरची पकड अपुरी आहे. ही पकड मोटारीनं फिरणाऱ्या चाकांवरच्या भारावर ठरते. धातूची चाकं धातूच्या रुळांवर असतील, तर ओढ साधारण त्या भाराच्या पाचव्या हिश्शाएवढी मिळते. म्हणजे सगळी चाकं मोटारीवर चालणारं ४०० ग्रॅमचं इंजिन सुमारे ८० ग्रॅम भाराएवढी ओढ देतं. आणखी १०० ग्रॅम घातले, की ओढ २० ग्रॅमनं वाढते. २ टक्के चढावर त्यातले २ ग्रॅम हे वाढीव वजनच वर चढवण्यात जातात, तरी फायदा मोठाच.

शिशाचे तुकडे दोन्ही बोगींवर सारखा भार येईल असे बसवा. शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवा. जागा कमी असेल तर टंगस्टन घ्या. तेवढ्याच जागेत ते शिशाच्या दीडपटीहून जड भरतं. चाकांना रबरी कडी घातल्यास पकड वाढते, पण त्या चाकांतून वीज मिळत नाही.

शेवटी इंजिन हातानं अडवून क्षणभर पूर्ण वीज द्या. चाकं घसरत राहिली तर वजन योग्य. चाकं थांबली तर लगेच वीज तोडा आणि वजन कमी करा, नाहीतर मोटार जळेल.