भावनांचा संसर्ग आणि न विचारलेली संमती

घरातील एखादी व्यक्ती उदास असली की जेवणाच्या पंक्तीवर तिची छाया पडते, हे कळण्यास मानसशास्त्राची गरज नाही. मानसशास्त्रज्ञ या क्रियेला 'भावनिक संसर्ग' म्हणतात. परंतु समोर चेहरा नाही, आवाज नाही, केवळ पडद्यावरील अक्षरे आहेत, अशा स्थितीतही हा संसर्ग होतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी २०१२ साली झालेल्या एका प्रयोगाचा अभ्यास प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्याच्या तीन लेखकांपैकी एक, जेमी गिलरी, ही त्या वेळी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी होती. दुसरे तिचे मार्गदर्शक प्राध्यापक जेफ्री हॅन्कॉक, आणि तिसरे फेसबुक कंपनीतील संशोधक अ‍ॅडम क्रेमर.

प्रयोगाची आवश्यकता का भासली, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी हृदयरोगाच्या अभ्यासासाठी अनेक वर्षे नोंदी ठेवल्या जात होत्या. त्यांपैकी १९८३ ते २००३ या काळातील नोंदी तपासून जेम्स फाऊलर व निकोलस ख्रिस्टाकिस यांनी २००८ मध्ये असे दाखवले की, आनंदी माणसे मित्र-नातलगांच्या जाळ्यात एकमेकांच्या जवळ आढळतात. यावर सहज घेता येण्यासारखा आक्षेप असा की, आनंदी माणसे मुळातच आनंदी माणसांशी मैत्री करीत असतील. किंवा एकाच सुखद घटनेने दोघेही सुखावले असतील. एकामुळे दुसरा आनंदी झाला, हे केवळ नोंदींवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी परिस्थितीत हेतुपुरस्सर बदल करून परिणाम पाहावा लागतो.

असा बदल करण्याचे साधन फेसबुकच्या हाती आयतेच होते. आपले सर्व मित्र जे लिहितात ते सर्व आपल्याला दिसत नाही. दिसणे शक्यही नाही, इतके ते असते. त्यातून काय वर आणावे व काय मागे ठेवावे, हे अल्गोरिदम, म्हणजे संगणकाने पाळावयाच्या नियमांची मालिका, ठरवते. टपालवाल्याने आपल्या नावे आलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यातून स्वतःच्या विचाराने निवडक पत्रे आधी हाती द्यावीत, तसाच हा प्रकार आहे. अशा टपालवाल्याची आपण तक्रार केली असती. या निवडीची मात्र पुष्कळांना जाणीवही नसते.

जानेवारी २०१२ मधील एका आठवड्यात ६,८९,००३ व्यक्तींच्या बाबतीत या निवडीत फेरफार करण्यात आला. काहींना मित्रांचे आनंददर्शक लिखाण कमी दाखवले गेले, काहींना दुःखदर्शक. असे प्रत्येक लिखाण वगळले जाण्याची शक्यता, व्यक्तीनुसार, १० ते ९० टक्के ठेवली होती. वगळलेला मजकूर नष्ट झाला नव्हता. मित्राच्या स्वतःच्या पानावर गेल्यास तो वाचता येत होता, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. त्यानंतर या लोकांनी स्वतः काय लिहिले, ते मोजले गेले. तीस लाखांहून अधिक नोंदी, बारा कोटींहून अधिक शब्द! ते माणसाने वाचले नाहीत. शब्दांची यादी घेऊन मोजणाऱ्या संगणकीय साधनाने मोजले.

निष्कर्ष असा निघाला की, आनंदाचे लिखाण कमी दिसलेल्यांनी आनंदाचे शब्द किंचित कमी व दुःखाचे शब्द किंचित अधिक वापरले. दुःखाचे लिखाण कमी दिसलेल्यांच्या बाबतीत उलट घडले. 'किंचित' या शब्दावर वाचकांनी थांबावे. पहिल्या गटात आनंदाच्या शब्दांचे प्रमाण सुमारे ०.१ टक्क्याने घटले, म्हणजे हजार शब्दांमागे एक शब्द. वृत्तपत्रांच्या मथळ्यांवरून लाखो लोकांना दुःखात लोटल्याचा समज झाला असेल, तर तो या आकड्यांशी जुळत नाही. शिवाय शब्द मोजणे म्हणजे मन मोजणे नव्हे. 'मी आनंदी नाही' या वाक्यातील 'आनंदी' हा शब्द अशा साधनाच्या लेखी आनंदाच्याच खात्यात जाऊ शकतो.

मग हे संशोधन क्षुल्लक मानावे काय? माझ्या मते नाही. आकडा लहान असला, तरी ज्या यंत्रणेतून तो निघाला ती अफाट आहे, आणि लेखकांनीही हाच मुद्दा मांडला होता. त्याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. दुःखाचे शब्द असलेले लिखाण मागे ठेवले, तेव्हा त्यात कोणाच्या आजारपणाची वा घरातील मृत्यूची वार्ताही असू शकली असेल. ती ज्याला कळावयास हवी होती त्याला वेळेवर कळली नसेल, आणि सांत्वनाचे दोन शब्द आले नाहीत म्हणून लिहिणारा मनात खंतावला असेल. ०.१ टक्क्याच्या हिशेबात हे कोठेच दिसत नाही.

जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या मुखपत्रात शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि वादळ उठले. प्रश्न एकच होता: या लोकांना विचारले होते काय? खाते उघडताना मान्य केलेल्या धोरणातच संमती आली, असे निबंधाचे म्हणणे होते. मानवी प्रयोगांच्या बाबतीत १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेचे पहिलेच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे आहे. एका कळीच्या दाबाने दिलेली, बहुधा न वाचताच दिलेली मान्यता त्या कसोटीस उतरते असे म्हणणे कठीण. विद्यापीठाने सांगितले की प्रयोग कंपनीने स्वतंत्रपणे केला. प्राध्यापक व विद्यार्थिनी यांचा सहभाग आरंभीची चर्चा, निष्कर्षांचे विश्लेषण व लेखन एवढाच होता, आणि व्यक्तींची माहिती त्यांच्या हाती नव्हती. नियमांच्या दृष्टीने हे उत्तर पुरेसे ठरले. तथापि ज्यांच्या मनावरील परिणाम अभ्यासायचा, त्यांपैकी एकाचाही चेहरा समोर नाही, अशा परिस्थितीत एक तरुण संशोधिका संशोधनाचे धडे घेत होती, हे मला अस्वस्थ करते. आपल्या घरांतूनही आज मुले-मुली संगणक व मानसशास्त्र यांत पीएच.डी. करीत आहेत.

येथे भारतीय वाचकाचाही संबंध येतो. फेसबुक इंग्रजी भाषेतून पाहणारी कोणतीही व्यक्ती निवडीस पात्र होती. निवड चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे झाली. त्या काळी मुंबईत, इंदूरला वा बडोद्यास इंग्रजीतून फेसबुक वापरणारा मराठी माणूसही त्यात असू शकेल. आपण होतो की नव्हतो, हे जाणण्याचा मार्ग त्याला कोणी दिला नाही.

जुलै २०१४ मध्ये त्या मुखपत्राने निबंध मागे न घेता त्याबद्दल संपादकीय चिंता प्रसिद्ध केली: माहितीपूर्ण संमती घेणे आणि सहभाग नाकारण्याची मुभा देणे, या तत्त्वांशी ही पद्धत पूर्णतः सुसंगत नसावी. क्रेमर यांनीही लिहिले की, निर्माण झालेल्या एवढ्या चिंतेच्या मानाने संशोधनाचा लाभ कदाचित पुरेसा नव्हता. ऑक्टोबरमध्ये कंपनीने संशोधनाच्या अंतर्गत परीक्षणाचे नवे नियम जाहीर केले. भारतात २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट व निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे.

एक गोष्ट मात्र या वादात मागे पडली. प्रयोग एका आठवड्याने संपला. निवड संपली नाही. ज्यांच्या बाबतीत मुद्दाम काही केले नव्हते, त्यांच्याही पुढे काय यावे हे तोच अल्गोरिदम ठरवत होता, आणि त्याचा मनावर काय परिणाम होतो याचा निबंध कोणी प्रसिद्ध करणार नव्हते.