मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर, वेळ आणि आपण



इ. स. १९१३ च्या जुलै महिन्यात बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले, हे आपण इतिहासात शिकतो. परंतु मुंबईपासून न्यूयॉर्क नेमके किती दूर आहे, याचा विचार क्वचितच करतो. आज तो करू.

भिंतीवरील सपाट नकाशात मुंबईहून न्यूयॉर्कला सरळ रेघ काढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. आता पृथ्वीगोल घ्या व या दोन शहरांमध्ये दोरी ताणून धरा. दोरी उत्तरेकडे सरकेल आणि नॉर्वे, आइसलँड यांच्यावरून जाईल. पृथ्वी गोल असल्यामुळे हाच सर्वांत जवळचा मार्ग होय. या मार्गाने दोन्ही शहरांमध्ये पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे ११३ अंशांचा कोन होतो. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले, तर अंतर १२,५०० किलोमीटरच्या आसपास येते.

प्रवासी जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. म्हणजे हिशेबाने चौदा तास पुरेत. प्रत्यक्षात मुंबईहून जाताना पंधरा ते सोळा तास लागतात. कारण त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. जाताना ते विमानाला अडवतात, तर परतताना पुढे ढकलतात. शिवाय काही प्रदेशांचे आकाश टाळून वळसाही घ्यावा लागतो.

घड्याळाचीही गंमत पाहा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. रात्री १ वाजता मुंबईहून निघालेले विमान साडेपंधरा तास उडाले, तरी तेथे त्याच दिवशीची सकाळचे ६ वाजलेली वेळ असते. गेलेले तास कोठेही नाहीसे होत नाहीत. ते परतीच्या प्रवासात भरून द्यावे लागतात.

१९१३ मध्ये हा प्रवास जहाजाचा होता. सुएझ कालव्यातून युरोप आणि पुढे अटलांटिक ओलांडून जाणारा जलमार्ग सुमारे १५,००० किलोमीटरचा. ताशी २८ किलोमीटर वेगाने जहाज कोठेही न थांबता चालले, तरी बावीस दिवस लागणार.

आता याहून फार लहान असा एक प्रवास आठवा. १९०१ च्या सुमारास बालवयातील भीमराव भावंडांसह वडिलांना भेटण्यासाठी मसूर स्थानकावर उतरले. तेथून कोरेगावचा रस्ता तीन तासांचा म्हणून सांगितलेला होता. मुलांची जात कळताच बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर ती मिळाली. गाडीवान बाजूने पायी चालला. जवळ शिदोरी होती, पण पाणी कोणी देईना. मुले रात्रभर उपाशी राहिली आणि दुसऱ्या दिवशी पोहोचली.

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळते, हे गणित खरे आहे. पण त्या रस्त्यावर वेळ वाढविणारी गोष्ट वारा नव्हती, वळसाही नव्हता; ती माणसांनी निर्माण केली होती. जे माणसांनी निर्माण केले, ते माणसांना नाहीसे करता येते. त्या मुलाने पुढे अर्धी पृथ्वी ओलांडून घेतलेली विद्या याच कामी लावली. आपल्या वसतिगृहातून निघणाऱ्या प्रत्येकाने पृथ्वीगोलावर आपलीही दोरी ताणून पाहावी.

जय भीम!