दहावीनंतरचे महाविद्यालय : मुलुंडच्या विद्यार्थ्यांची पूर्वतयारी

मध्य रेल्वेने मुंबईहून ठाण्याकडे जाताना बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील शेवटचे स्थानक मुलुंड हे होय. पूर्वेस मिठागरे व खाडी, पश्चिमेस डोंगररांग आणि मधोमध लोहमार्ग अशी या उपनगराची रचना आहे. दर पावसाळ्यात अकरावीचे वर्ग सुरू झाले, की या स्थानकावरील सकाळच्या गर्दीत एक नवा वर्ग येऊन मिसळतो. कालपर्यंत गणवेश घालून घराजवळच्या शाळेत पायी जाणारी पंधरा-सोळा वर्षांची मुले-मुली आता घाटकोपर, विद्याविहार, माटुंगा किंवा ठाणे गाठण्यासाठी लोकलची वाट पाहत उभी असतात. शेजारीपाजारी कौतुकाने म्हणतात, 'पोर कॉलेजात गेली.' वास्तविक ती अकरावीत गेलेली असते.

हा केवळ शब्दाचा घोळ नव्हे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचविलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारला आणि १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. त्यापूर्वी अकरावीअखेर शालान्त परीक्षा देऊन विद्यार्थी महाविद्यालयाची पायरी चढत असे. नव्या रचनेत अकरावी-बारावीचे वर्ग काही ठिकाणी शाळांना, तर फार मोठ्या प्रमाणावर महाविद्यालयांना जोडण्यात आले. केंद्रीय मंडळाच्या कित्येक शाळांतून विद्यार्थी बारावीपर्यंत त्याच इमारतीत व त्याच गणवेशात राहतो. आपल्याकडे मात्र महाविद्यालयीन जीवन वयाच्या सोळाव्या वर्षीच अंगावर येऊन पडते. यास्तव त्याची तयारी बारावीनंतर करू म्हणणे म्हणजे दोन वर्षे उशीर करणे होय. ती नववी-दहावीतच, शाळेच्या छत्राखाली झाली पाहिजे.

मुलुंडपुरते पाहू गेल्यास, पार्ले टिळक विद्यालय असोसिएशनचे मुलुंड कॉलेज ऑफ कॉमर्स १९७० मध्ये, तर पूर्वेस मिठागर मार्गावर केळकर एज्युकेशन ट्रस्टचे विनायक गणेश वझे महाविद्यालय १९८४ मध्ये सुरू झाले. त्याआधीच्या पिढीतील कित्येकांनी घाटकोपरचे झुनझुनवाला महाविद्यालय, विद्याविहारचे सोमैया, माटुंग्याचे रुईया वा पोदार किंवा ठाण्याची महाविद्यालये लोकलने जाऊन-येऊन पूर्ण केली. आज घराजवळ सोय आहे; परंतु जागा गुणानुक्रमे मिळते आणि सर्वांनाच जवळची मिळत नाही.

विचारणारे कोणी नसते

शाळेत विद्यार्थी दोन दिवस गैरहजर राहिला, तर वर्गशिक्षकांची चिठ्ठी घरी येते. बाई त्याच्या थोरल्या भावालाही ओळखत असतात. कनिष्ठ महाविद्यालयात एकेका तुकडीत शंभराच्या घरात विद्यार्थी असतात. प्राध्यापक तासिकेपुरते येतात आणि पुढच्या वर्गावर जातात. चूक कोणाचीच नसते, तथापि मूल दृष्टीआड होते. दहावीला उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थी अकरावीच्या पहिल्या चाचणीत नापास होतो, ही गोष्ट घरी सांगत नाही, आणि पालकांना ते कळते तेव्हा वर्ष सरत आलेले असते. असे दरवर्षी घडते. त्याचे कारण बहुधा बुद्धीचे नसते. देखरेख एकाएकी काढून घेतलेली असते, हे असते.

ही देखरेख टप्प्याटप्प्याने विद्यार्थ्याच्याच हाती सोपविणे, हे दहावीच्या शिक्षकांचे व पालकांचे खरे काम आहे. दहावीच्या दुसऱ्या सत्रात अभ्यासाचे वेळापत्रक विद्यार्थ्याने स्वतः आखावे. फळ्यावरील उतरवून घेण्याऐवजी शिक्षक बोलत असताना टिपणे काढण्याचा सराव आठवड्यातून एका तासिकेस द्यावा. महाविद्यालयात कोणी सावकाश लिहून देत नाही, आणि 'सर, पुन्हा सांगा' म्हणण्याचे धैर्यही शाळेतच अंगी बाणवावे लागते. बँकेतील पैसे काढणे, अर्ज भरणे, रेल्वेचा पास काढणे ही कामे वडिलांनी करून देण्यापेक्षा मुलाकडून करवून घ्यावी.

भाषेचा उंबरठा

मराठी माध्यमातून विज्ञान शाखेकडे जाणाऱ्यांची अडचण स्वतंत्र आहे. अकरावीत विज्ञानाचे अध्यापन बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून होते. ज्या विद्यार्थ्याला जडत्व, विस्थापन, गुणसूत्र, प्रकाशसंश्लेषण या कल्पना पक्क्या ठाऊक आहेत, तोच इनर्शिया, डिस्प्लेसमेंट, क्रोमोसोम, फोटोसिंथेसिस हे शब्द ऐकून गोंधळतो. विषय येत असूनही आपल्याला काही येत नाही, अशी त्याची समजूत होते. आणि ही समजूत इंग्रजीच्या अज्ञानाहूनही अधिक नुकसान करते. सेमी-इंग्रजी वर्गांमुळे हा अडसर पुष्कळ ठिकाणी कमी झाला आहे, पण संपलेला नाही.

यावर उपाय खर्चाचा नाही. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग भरेपर्यंत काही महिने जातात. या काळात मुलगा ना शाळेचा असतो ना महाविद्यालयाचा. याच दिवसांत विज्ञानाच्या मराठी पाठ्यपुस्तकाशेजारी त्याच इयत्तेचे इंग्रजी पुस्तक ठेवून रोज दोन पाने ताडून पाहिली व संज्ञांची वही केली, तर पहिल्या महिन्याची धास्ती निम्म्याने उतरते. मराठी शाळांनी आपल्याच गतवर्षीच्या माजी विद्यार्थ्यांना फेब्रुवारीत एक तास बोलवावे. पाहुण्या वक्त्याच्या भाषणापेक्षा 'मला पहिले दोन महिने काही कळत नव्हते, मग असे केले' हे एका अकरावीतल्या मुलीचे बोलणे वर्ग अधिक लक्ष देऊन ऐकतो.

शाखा आणि पसंतीक्रम

अकरावीचे प्रवेश मुंबई परिसरात गेली कित्येक वर्षे केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होत असून २०२५-२६ पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली आहे. अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम देता येतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद होतो. म्हणून केवळ नाव मोठे आहे म्हणून पहिला क्रमांक लिहिणे धोक्याचे. मुलुंडहून सकाळी सातच्या तासिकेस पोचायचे तर घर किती वाजता सोडावे लागेल, हे एकदा प्रत्यक्ष त्या वेळी प्रवास करून पाहावे आणि मगच क्रम लिहावा.

शाखा निवडताना गुणांकडे पाहून विज्ञान व उरल्यास कला, ही रूढी अजून सुटलेली नाही. त्यापेक्षा विषयांकडे पाहावे. गणित सोडल्यास अभियांत्रिकीचा व जीवशास्त्र सोडल्यास वैद्यकाचा मार्ग अवघड होतो. वाणिज्य शाखेतही गणित घ्यावे की चिटणिसाची कार्यपद्धती, यावर पुढील काही वाटा ठरतात. व्यवस्थापन व संगणक उपयोजनाच्या पदवीसाठी २०२४ पासून राज्यात प्रवेश परीक्षा द्यावी लागते, हे अनेकांना बारावीच्या निकालानंतर कळते. पदवीची रचनाही राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार बदलली असून ती आता तीन किंवा चार वर्षांची आहे.

शिकवणी वर्गांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. नाव महाविद्यालयात व दिवसभर मुक्काम खासगी वर्गात, अशी तडजोड अनेक कुटुंबे करतात. मंडळाच्या नियमानुसार पंचाहत्तर टक्के उपस्थिती लागते, आणि प्रयोगशाळेतील काम वर्गात बसून येत नाही. शिवाय वाचनालय, वादविवाद, नाटक, खेळ, मैत्री हे सारे जेथे मिळते, ते महाविद्यालयच या मुलांच्या वाट्याला येत नाही. फी मात्र दोन्हीकडे भरली जाते.

कागदपत्रांचे मूळ गावी

पंचायत सदस्यांनी व ग्रामीण शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे, असा भाग येथे येतो. मुलुंडमध्ये राहणारी पुष्कळ मराठी कुटुंबे कोकणातून व घाटावरून आलेली आहेत. मागासवर्गीय विद्यार्थ्यास जातीचे प्रमाणपत्र व त्याची वैधता मिळविताना पूर्वजांचे जुने पुरावे द्यावे लागतात : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे. हे पुरावे मुलुंडला नसतात. ते आजोबांच्या गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या गाव नमुना चौदामध्ये असतात. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाची मुदत आठ दिवसांवर आली, की बाप रात्रीच्या एस.टी.ने गावी धावतो. तेथे शाळेला सुट्टी असते, किंवा रजिस्टराला वाळवी लागलेली असते. एका पानाअभावी राखीव जागा हातची जाते, हे टाळता येण्याजोगे आहे. दहावीच्या वर्षीच, मे महिन्यात गावी जाणे होते तेव्हा, हा उतारा मागून घ्यावा. आणि गावच्या मुख्याध्यापकांनी व ग्रामसेवकांनी मुंबईकराला 'उद्या या' म्हणू नये.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव, आधार कार्डावरील नाव व गुणपत्रिकेवरील नाव यांतील एका अक्षराचा फरकही पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जास अडवतो. दाखला हाती पडताच तेथल्या तेथे वाचून पाहावा; शाळेतून बाहेर पडल्यावर दुरुस्तीस महिने लागतात. शासकीय शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावयाचे असून उत्पन्नाचा दाखला, रहिवास व आवश्यक तेथे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आधी तयार असावे. मुलुंड हे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यात येते, हे अर्ज भरताना लक्षात ठेवावे.

आणखी थोडे

लोकलच्या दारात लोंबकळू नये आणि रूळ ओलांडू नयेत, हे पहिल्याच दिवशी नव्हे, तर त्याआधी सांगावे. सोळाव्या वर्षी गिअरच्या मोटारसायकलचा परवाना मिळत नाही, तेव्हा उत्तम गुणांचे बक्षीस म्हणून ती देऊ नये. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. तक्रार महाविद्यालयाच्या प्रमुखांकडे किंवा १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय क्रमांकावर करता येते. मन फारच खचल्यास १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. हे दोन्ही क्रमांक दहावीच्या वर्गातील फलकावर लिहून ठेवण्यास काही खर्च येत नाही.

अकरावीच्या पहिल्या चाचणीनंतर, दिवाळीच्या सुट्टीत, शाळेने या मुलांना एक दिवस परत बोलवावे. कोण आले नाही, याची यादी मुख्याध्यापकांनी जवळ ठेवावी आणि त्या घरी जाऊन यावे.