पहिल्या आठवड्यातले कागद

खुनाच्या खटल्याचा निकाल वर्षांनी लागतो, पण ज्या कागदांवर तो लागतो ते बहुतेक पहिल्या आठवड्यातच तयार होतात. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आरोपीच्या घरात कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. माझा धाकटा भाऊ 2018 साली अशा गुन्ह्यात अडकला आणि पुढे निर्दोष सुटला. कोर्टाच्या व्हरांड्यात त्या वर्षांत जे शिकले, ते दुसऱ्या कुणाच्या बहिणीला वेळेवर कळावं म्हणून लिहिते आहे.

वाद बांधाचा होता. भावकीतले काका मानेवरच्या कोयत्याच्या एका वारानं गेले. फिर्यादीत आमच्या घरातल्या चार पुरुषांची नावं आली. कलम 302 आणि सोबत 34, म्हणजे सगळ्यांचा समान इरादा. (1 जुलै 2024 नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची 103 आणि 3(5) ही कलमं लागतात.) काका आमचेही होते. काकूंच्या दारात जाऊन बसायची सोय मात्र उरली नव्हती, आणि ते दुःख आजही तसंच आहे.

भाऊ त्या वेळी तालुक्याच्या जिनिंगवर कापूस घालायला गेला होता. वजनकाट्याच्या पावतीवर वेळ छापलेली होती. घरचे म्हणत होते, पावती जपून ठेवू, कोर्टात दाखवू. आमच्या वकीलबाईंनी ऐकलं नाही. घटनेच्या वेळी दुसरीकडे होतो, हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं, आणि ही गोष्ट पहिल्यांदा खटल्याच्या शेवटी सांगितली तर न्यायाधीश तिच्याकडे नंतर रचलेली गोष्ट म्हणूनच बघतात. दुकानांचे, पंपांचे कॅमेरे जुनं चित्रण काही दिवसांत पुसून त्यावर नवं घेतात. म्हणून त्यांनी तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज दिला: पावती जप्त करा, जिनिंगच्या फाटकावरचं आणि शेजारच्या पेट्रोलपंपावरचं चित्रण ताब्यात घ्या. त्याची प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दिली आणि दोन्हीकडून पोच घेतली. पोलिसांनी चित्रण आणलं नाही. पण तो पोच असलेला अर्ज उलटतपासणीत तपास अधिकाऱ्यापुढे ठेवला गेला, आणि ‘तुम्ही का आणलं नाही’ याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पावती आणि काटेवाल्याची साक्ष त्यामुळे उभी राहिली. तोंडी विनंती केली असती तर तिचा मागमूसही उरला नसता.

कोठडीबद्दल. अटक केलेल्याला, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. तिथे साहेब विचारतात, ‘पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?’ मारहाण झाली असेल तर ती तिथेच सांगायची, वैद्यकीय तपासणी मागायची. घाबरून ‘नाही’ म्हटलं की ते ‘नाही’ रोजनाम्यावर कायमचं राहतं. ‘खरं ते सांगून मोकळा हो’ असं ठाण्यात प्रत्येकाला प्रेमानं सांगितलं जातं. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती संविधानाच्या कलम 20(3) प्रमाणे करता येत नाही, आणि पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही. पण आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेलं बोलणं पुराव्यात येतं. म्हणून निवेदन पंचनाम्यावर काय लिहिलंय हे वाचल्याशिवाय, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच, सही करू नये.

आमच्या घरात सर्वांत मोठा वाद झाला तो वकिलांवरून. चौघांना मिळून एकच वकील द्यायचा, नाहीतर भावकीत फूट दिसेल, असं थोरल्यांचं म्हणणं. पण माझ्या भावाचा बचाव ‘मी तिथे नव्हतो’ असा होता, आणि ज्याच्या हातात कोयता होता त्या चुलतभावाचा ‘अचानक झालेल्या झटापटीत वार बसला’ असा. एकाच वकिलानं दोन्ही मांडायचं म्हणजे एकाला वाचवताना दुसऱ्याला बुडवायचं. आम्ही वेगळे वकील दिले. त्यावरून माझ्याशी बोलणं टाकलेली माणसं अजून आहेत, तरी माझं मत बदललेलं नाही.

चुलतभावाची बाजू ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की माणूस मारला गेला म्हणजे खूनच, असं कायदा मानत नाही. 1959 च्या नानावटी प्रकरणातही माणूस कुणी मारला यावर वाद नव्हता. प्रश्न होता तो गंभीर आणि अचानक प्रक्षोभाचा. गोळी झाडण्याआधी शांत व्हायला वेळ मिळाला होता म्हणून सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्ये जन्मठेप कायम केली. आमच्याकडे सरकारी वकिलांचा सगळा भर याच्यावर होता, की चुलतभाऊ घरी जाऊन कोयता घेऊन आला. म्हणजे ठरवून. पण घटनास्थळाच्या पंचनाम्यात एक ओळ होती: बांधालगत तोडलेल्या उसाच्या वाढ्यांचा भारा पडलेला. तो जनावरांसाठी वाढं तोडत होता, कोयता आधीपासून हातात होता. पूर्वतयारी नाही, अचानक भांडण, एकच वार, क्रूरपणा नाही. शिक्षा 302 खाली न होता 304 च्या दुसऱ्या भागाखाली झाली, जिथे कमाल मर्यादा दहा वर्षांची आहे. त्या एका ओळीनं जन्मठेप टळली. दोषारोपपत्राची प्रत हातात आली की घरातल्या शिकलेल्या माणसानं ती ओळ न् ओळ वाचावी, शवविच्छेदनाच्या अहवालासकट. जागा, पिकं, पायवाटा वकिलाला माहीत नसतात, आपल्याला असतात.

प्रत्यक्ष पाहणारा कुणी नसेल आणि सगळं परिस्थितीवर असेल, तर पुण्यातल्या शरद सारडा खटल्याचा 1984 चा निकाल वकिलाला विचारावा. खालच्या दोन्ही न्यायालयांत फाशी झालेला माणूस सर्वोच्च न्यायालयात सुटला, कारण पुराव्याच्या साखळीनं आरोपीच्या दोषाशिवाय दुसरी कुठलीही शक्यता शिल्लक ठेवता कामा नये.

साक्षीदारांना ‘भेटून घेऊ’ म्हणणारा नातेवाईक प्रत्येक घरात निघतो. त्याला दारातच थांबवावं. जामीन रद्द होतो, नवा गुन्हा लागतो, आणि खुनाच्या गुन्ह्यात तडजोड कायद्यानं होतच नाही. धावपळ करायचीच तर तारखांची करावी: अशा गुन्ह्यात 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क असतो, पण दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज दिला तरच.

पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. कोठडीतल्या माणसाला 1987 च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो, किंवा तुरुंगातूनही देता येतो. शिक्षा झालीच तर निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळते आणि उच्च न्यायालयात अपिलाला 60 दिवस असतात. चुलतभावाचं अपील याच वाटेनं, तुरुंग अधीक्षकांमार्फत खंडपीठात गेलं. तिथला त्याचा वकीलही प्राधिकरणानंच दिला आहे.