जुनी आरएस विकली, पण नाव माझंच राहिलं

नवी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो: कशी पळते? छान पळते. 265 पीएस, सात गिअरचा डीएसजी, शंभरचा वेग 6.4 सेकंदांत. जुन्या पिढीत एसीची गोल बटणं होती, आता सगळं पडद्यावर आहे, ते मला आवडलेलं नाही. नव्या गाडीबद्दल एवढं पुरे. मला बोलायचंय ते जुनीबद्दल, कारण पिढी बदलताना माणूस नाडला जातो तो तिथंच.

माझी 2017 ची रेस ब्लू, 230 पीएसची. ती मी प्रेमाने वापरली. सगळ्या सर्व्हिस वेळेवर, इंजिनचं रीमॅपिंग कधीच नाही. पण हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि माझं इंजिन त्याच्या आधीच्या काळातलं, याची धास्ती होती. ऑक्टोबर 2025 मध्ये चौथी पिढी आली, देशभरासाठी फक्त शंभर गाड्या, 49.99 लाखांना. बुकिंग वीस मिनिटांत संपलं. मला गाडी मिळाली आणि उरलेली रक्कम ठरल्या तारखेला भरणं भाग होतं. म्हणजे जुनी त्याआधी विकायला हवी होती. ही घाई जुन्या गाड्यांच्या ज्या व्यापाऱ्याशी मी व्यवहार केला, त्याने पहिल्या पाच मिनिटांतच ओळखली.

भाव ठरला, हातात हात दिला. गाडी न्यायच्या दिवशी त्याच्याकडचा कामाचा मुलगा रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन आला आणि पुढचा बंपर रंगवलेला आहे म्हणून भाव पाडायला लागला. अहो, बंपर प्लास्टिकचा असतो! ते मीटर फक्त पत्र्यावर चालतं. मी तसं तोंडावर सांगितलं. तरी "शेठनी सांगितलंय" हे एकच पालुपद. शेवटी नव्या गाडीची तारीख डोळ्यांपुढे ठेवून मी पाऊण लाख सोडले. ते पैसे आजही डोक्यात आहेत.

फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, तारीख आणि वेळ घालून डिलिव्हरी नोट घेतली, फास्टॅग त्याच दिवशी बंद केला. कर्जाचा बोजा आधीच उतरवलेला होता, एचएसआरपी पाट्याही बसवलेल्या. माझ्याकडून एक कागद बाकी नव्हता. "साहेब, महिन्याभरात ट्रान्सफर होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका," असं व्यापारी म्हणाला.

पुढे एका दुपारी मोबाइलवर चलान आलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अतिवेग, दोन हजार. माझी नवी गाडी तर घराखाली उभी होती. नंबर पाहिला, जुनीचा. फोटो उघडला आणि अंगाची लाही झाली. काचा काळ्या केलेल्या, पुढे झगझगीत जादा दिवे, पण मागच्या काचेवर माझ्या मुलीने चिकटवलेलं स्टिकर तसंच. आत कोण बसलंय ते दिसत नव्हतं. सरकारदरबारी मात्र तो मीच होतो. त्या गाडीने कुणाला उडवलं असतं तर पोलिसांनी आधी माझंच दार वाजवलं असतं, हा विचार आला आणि मी तिथेच बसलो.

व्यापाऱ्याला फोन लावला. "साहेब, गाडी पार्टीकडे आहे." कोणती पार्टी? "नगरची. त्यांनी पुढे दिली वाटतं." मग ट्रान्सफर? "तुमची एचएसआरपी नव्हती ना." होती! "मग पीयूसीचं असेल." दर फोनला नवीन कारण. दुकानात गेलो तर शेठ बाहेरगावी, आणि आतल्या केबिनमधून त्यांचाच आवाज येतोय. त्या माणसाने मला एकदाही नजरेला नजर देऊन उत्तर दिलं नाही. चूक होते, मान्य. पण गिऱ्हाईक समोर उभं असताना दाराआड लपायचं, हे मला सहन झालं नाही.

आता तुमच्यासाठी. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. त्याने आणि तुम्ही मिळून पोर्टलवर फॉर्म 29-सी भरला, की त्या तारखेपासून तोच मानीव मालक. गाडीचं पुढे जे होईल ते त्याच्या डोक्यावर. मी हे अधिकारपत्र मागितलं होतं, तेव्हा "आमच्या लाइनीत कुणी घेत नाही" असं उत्तर मिळालं. तुम्हालाही ते मिळेल. तिथूनच उठा. भाव थोडा कमी आला तरी चालेल, पण 29-सीची पावती हातात आल्याशिवाय दुसरी किल्ली देऊ नका.

व्यापारी नसेल, थेट गिऱ्हाईक असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 50 वाचा. गाडी राज्यातच राहणार असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते समोरच्यावर सोडू नका. स्वतः अर्ज द्या आणि पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलेलं आहे: गाडी हातोहात विकली गेली होती, तरी नोंद पहिल्याच्याच नावावर म्हणून अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात पडली.

विम्याचंही पाहा. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकल्याचा पुरावा देऊन कंपनीकडून पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळते, आणि पन्नास लाखांच्या गाडीच्या हप्त्यात ती चांगलीच जाणवते. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस कापतात, तो आयकर विवरणात परत मिळतो. बाकी नेहमीचंच: कागदांच्या प्रती ठेवा, तोंडी शब्दावर जाऊ नका, रोख घेऊ नका.

आणि वेगवान गाडी विकताना जास्तच जपा. साधी हॅचबॅक घेणारा तिने ऑफिसला जातो. जुनी टर्बो स्वस्तात घेणारे काही जण ती फक्त पळवायलाच घेतात, आणि नाव बदलायची त्यांना गरजही वाटत नाही, कारण चलान दुसऱ्याला जातं.

मी आरटीओत आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिले, चलानांवर डिलिव्हरी नोट जोडून हरकत घेतली. ठाण्यातून एक फोन गेल्यावर ट्रान्सफर आठवड्यात झाली. म्हणजे करता येत होती, करायचीच नव्हती. तोवर आलेल्या चलानांचे पैसे मात्र मला भरावे लागले आणि ते त्या व्यापाऱ्याने अजून दिलेले नाहीत. वकिलाची नोटीस गेली आहे. ज्यांनी गेल्या वर्षभरात गाडी विकली असेल, त्यांनी एम-परिवहनवर जुना नंबर टाकून पाहावा. मालकाच्या नावातली काही अक्षरं झाकलेली असतात, पण ते आपलं आहे की दुसऱ्याचं, एवढं नक्की कळतं.